व्हायोलिन हाती घेताना

बेळगावच्या वडगावात आमच्या शेजारच्या कानडी आजी व्हायोलिनला 'पिटीलु' म्हणायच्या. सव्विसाव्या वर्षी मी ते घरी आणलं, तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, "बसून वाजवणार की उभं राहून?" नव्यानं शिकणाऱ्यानं आधी हे ठरवावं. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटीखाली धरतात आणि तारा जी-डी-ए-ई अशा लावतात. कर्नाटक संगीतात मांडी घालून, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. हिंदुस्तानी वादकही बहुधा बसूनच वाजवतात. बेळगावात दोन्ही संगीतं कानावर पडतात, पण हाताला एकाच पद्धतीचं वळण लागू द्या. मी हिंदुस्तानी निवडलं; माझ्या तारा सा-प-सा-प लागतात.

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या. इथं काळी गुळगुळीत पट्टी, बस्स. बोट केसभर सरकलं की गंधार गेला. म्हणून तानपुरा लावून ओळ आधी गळ्यातून काढा, मग बोटांतून. एन. राजम् आणि डी. के. दातार या व्हायोलिनवादकांचं गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखं, वादन रोज ऐका. गाणाऱ्याचा श्वास गजात, म्हणजे तारांवर फिरवायच्या केसांच्या काठीत, कसा उतरतो ते कळेल.

पहिले दोन महिने माझ्या बाईंनी डाव्या हाताची बोटं तारेवर टेकवू दिली नाहीत. नुसता गज, मोकळ्या तारांवर. कपाटाच्या आरशासमोर बसून मी गज घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी तुकड्याला, समांतर जातोय का ते बघायची. तो तिरका झाला की आवाज चिरकतो. गजाला राळ लावायची, वाजवून झालं की त्याचे केस ढिले करायचे. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आपल्याकडच्या पावसाचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. दमट हवेत लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात. पहिल्याच जुलैत जोर लावताना तार तुटली. घाबरून मी उरलेल्या तिन्ही सैल केल्या, तर घोडी आडवी झाली आणि आत काहीतरी खुळखुळलं. वाद्याच्या पोटात एक बारीक काडी उभी असते. ती आणि घोडी, दोन्ही डिंकानं चिकटवलेल्या नसतात, नुसत्या दाबावर उभ्या असतात. तारा सगळ्या एकदम उतरवल्या की दाब जातो.

रेल्वेनं मिरज गाठलं. तिथल्या कारागिरानं वाकड्या लोखंडी सळईनं, वाद्याच्या अंगावरच्या फटीतून ती काडी पुन्हा उभी केली. अर्धा तास मी श्वास रोखून बघत होते. आता तारा बदलते त्या एकेक करून. नवी चढल्याशिवाय पुढच्या खुंटीला हात लावत नाही.