दंडावरचा शुगर सेन्सर: आकड्याबरोबर बाणही बघा

फ्रीस्टाइल लिब्रेसारखा १४ दिवसांचा सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला लावतात. जागा साबणाने धुवा, स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, मगच अ‍ॅप्लिकेटर दाबा. तेलाचा किंवा क्रीमचा अंश राहिला की दोन-चार दिवसांत कड सुटते, आणि घामाच्या दिवसांत तर सेन्सर शर्ट काढताना बाहीबरोबरच निघून येतो. पहिला तास आकडा येत नाही. पहिल्या दिवशी आकडे जरा मागेपुढे असतात, त्यावर फार विसंबू नका.

सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. जेवणानंतर शुगर झपाट्याने चढत असताना ग्लुकोमीटर १६५ आणि सेन्सर १४० दाखवेल. तो बिघाड नव्हे. ताडून बघायचं असेल तर आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असताना बघा.

बाणाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि खरी माहिती तिथेच असते. आडवा बाण म्हणजे मिनिटाला १ पॉइंटपेक्षा कमी बदल, तिरका म्हणजे १ ते २, उभा म्हणजे २ पेक्षा जास्त. ११० आणि आडवा बाण असेल तर निर्धास्त राहा. पण ११० आणि बाण उभा खाली असेल, तर पंधरा मिनिटांत शुगर ८० च्या खाली जाऊ शकते. इन्सुलिन घेतलेलं असताना अशा वेळी गाडीची किल्ली हातात घेऊ नका, आधी काहीतरी खा.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी बोटाला टोचून तपासा. रक्तातली साखर वर आली तरी सेन्सर काही वेळ कमीच दाखवतो. तो बघून माणूस घाबरून लाडू, बिस्किटं खात सुटतो आणि तासाभरात २५० वर पोचतो. आकडा ठीक दिसत असूनही घाम, थरथर होत असेल तर तेव्हाही बोटावरच विश्वास ठेवा.

रात्री दोन-तीनला शुगर एकदम खाली जाऊन लगेच सावरलेली दिसली, तर दंड अंगाखाली दबला होता का ते आठवा. दाबामुळेही खोटा लो येतो. दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं, तर लिब्रे उलट खोटा जास्त आकडा दाखवू शकतो.

जेवणाची परीक्षा घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला. एक दिवस दोन वाट्या भात आणि आमटी. दुसऱ्या दिवशी तेच, तेवढंच, पण आधी कोशिंबीर आणि उसळ. तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखंच जेवण, वर १५ मिनिटं चालणं. पहिल्या घासाची वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या तीन तासांचा आलेख शेजारी शेजारी लावून बघा.

मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांनी ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ राहावं, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. गरोदर बायका आणि वयस्कर माणसांची मर्यादा वेगळी असते. डोस स्वतःहून बदलू नका. १४ दिवसांचा रिपोर्ट आणि जेवणाची वही, दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा.