कालवडीला ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या वयातच द्यावी

ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात, गोठ्यात शिरला की गाय किंवा म्हैस बहुधा गाभणकाळाच्या शेवटच्या तिमाहीत गाभडते आणि पुष्कळदा वारही अडकते. रोग झालेल्या जनावरावर खात्रीचा उपचार नसल्यामुळे कालवडीचे आणि पारडीचे वेळीच लसीकरण करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच दिली जाते. त्यामुळे वासराच्या जन्माची तारीख गोठ्यातल्या वहीत लिहून ठेवावी, कारण अंदाजाने वय सांगण्यात हा काळ हातचा निसटतो. वय उलटल्यावर लस दिल्यास तिची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेले घटक, रक्तात दीर्घकाळ राहतात आणि पुढच्या तपासणीत निरोगी जनावरही रोगी ठरू शकते. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ही लस देत नाहीत.

एक गोष्ट विशेष काळजीने सांगावीशी वाटते. या लसीत जिवंत जंतू असतात आणि सुई टोचल्यास किंवा थेंब डोळ्यात उडाल्यास माणसालाही हा आजार होऊ शकतो. म्हणून लस पशुवैद्यकाकडूनच, हातमोजे आणि चष्मा वापरून टोचून घ्यावी, आणि घरातल्या मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या वेळी दूर ठेवावे. वासराच्या कानातल्या बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकावर लसीची नोंद झाल्याची खात्री तिथेच करून घ्यावी.