रेंजवरच्या पुंगळ्या गोळा करताना या चुका टाळा

उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरताना, म्हणजे रीलोडिंग करताना, प्रेसवर (भरायच्या दाबयंत्रावर) जुना प्राइमर बाहेर ढकलणारी पिन मोडते, पुंगळी डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) रुतून बसते, नवा प्राइमर (बुडात बसणारा, ठिणगी देणारा लहान भाग) चेपला जातो, आणि दोष यंत्राला दिला जातो. माझ्या पाहण्यात यातल्या बऱ्याच भानगडी आधीच, रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) ओंजळीने पुंगळ्या पिशवीत भरताना सुरू झालेल्या असतात.

विचारल्याशिवाय वाकू नका. कित्येक रेंज खाली पडलेलं पितळ स्वतःकडेच ठेवतात. रीलोडिंगला परवाना लागतो का, याचे नियमही देशागणिक बदलतात. तेही आधी पाहून घ्या. फायरिंग लाइनच्या पुढे कितीही चांगलं पितळ चमकत असलं, तरी गोळीबार थांबल्याचा हुकूम होईपर्यंत तिकडे हात नेऊ नका.

ढिगात न उडालेलं काडतूसही निघतं. प्राइमरवर बंदुकीच्या पिनेचा ठसा आहे म्हणजे ते उडालंच, असं धरू नका. तोंडाशी गोळी दिसली की हात न लावता रेंज अधिकाऱ्याला बोलवा. असं एखादं काडतूस नजरेतून सुटून टंबलरमध्ये (पुंगळ्या भुशात घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) जाता कामा नये.

घरी आल्यावर आधी लोहचुंबक फिरवा. पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या डोळ्यांना फसवतात, चुंबकाला नाही. ॲल्युमिनिअमची पुंगळी चिकटत नाही, पण ती हलकी आणि राखाडी असते. ती काढून टाका. चंदेरी, चकचकीत पुंगळी मात्र बहुधा निकेलचा मुलामा दिलेलं पितळ असते, ती घाईने फेकू नका. पॉइंट २२ रिमफायर सरळ भंगारात, कारण तिचं स्फोटक मिश्रण काठातच भरलेलं असतं आणि बदलायला वेगळा प्राइमरच नसतो.

आकाराची गफलत सगळ्यांत जास्त होते. पॉइंट ३८० आणि ९ मिमी शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटतात. पहिलीची लांबी सुमारे १७ मिमी, दुसरीची १९. बुडावरचा शिक्का वाचा, शंका आली तर व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावा. ९ मिमी पॉइंट ४०मध्ये आणि पॉइंट ४० पॉइंट ४५मध्ये घुसून बसते, म्हणून कॅलिबर (गोळीच्या जाडीची मापं) वेगळे केल्याशिवाय टंबलर चालू करू नका. पॉइंट ४५मध्ये लहान आणि मोठा असे दोन मापांचे प्राइमर येतात, तेही इथेच वेगळे करा.

पिन मोडण्याचं कारण बहुतेकदा पुंगळीच्या आत असतं. टॉर्च मारून बघा. बुडाच्या मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, आपल्या कामाची. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन, तिच्यात पिन भोकात न जाता मधल्या धातूवर आदळते. लष्करी पितळात प्राइमरभोवती धातू दाबून बसवलेला असतो. ती कड काढल्याशिवाय नवा प्राइमर नीट बसत नाही.

खरी सावधगिरी रायफलच्या पुंगळीत. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर थांबा. कागदाची क्लिप सरळ करा, टोक काटकोनात किंचित वाकवा आणि आतल्या भिंतीवरून खालून वर ओढा. कड्याच्या जागी टोक अडखळलं, खोबणी जाणवली, तर भिंत तिथे पातळ झालेली आहे आणि पुढच्या बाराला बूड तुटून वेगळं होऊ शकतं. अशी एक पुंगळी मी ‘नंतर बघू’ म्हणून डब्यात टाकली होती; महिन्याभराने चांगल्या पितळाच्या ढिगातून तीच माझ्या हाताला आली. तेव्हापासून वाईट पुंगळी त्याच क्षणी पक्कडीने चेपतो. मानेला चीर गेलेल्या पुंगळीचंही तेच.

धुण्याला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात राहिलेला ताण मिळून ते घडतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. चकाकीपेक्षा पितळाची ताकद महत्त्वाची.

आणि शिसं. बहुतेक प्राइमरच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं, ते पुंगळीच्या आत काजळीसारखं राहतं आणि टंबलरच्या भुशात उतरतं. टंबलर राहत्या खोलीत चालवू नका. भुसा बदलताना मास्क लावा, सांडलेला भुसा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपा, हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. पुंगळ्या टोपीत गोळा करायची सवय बऱ्याच जणांना असते. तीच टोपी परत डोक्यावर जाते, म्हणून वेगळी पिशवी ठेवा.