सेमी-मॉड्युलर सिंथ वापरताना या चुका टाळा: आवाज गायब, सूर हलतो, घूं येतो, तेव्हा काय तपासायचं

सेमी-मॉड्युलर ॲनालॉग सिंथ (विजेच्या सिग्नलपासून आवाज बनवणारं वाद्य, ज्याची आतली जोडणी केबलने बदलता येते) 'बिघडला' म्हणून लोक दुरुस्तीवाल्याकडे नेतात, आणि बरेचदा त्यात काहीही बिघडलेलं नसतं. एखादी केबल चुकीच्या जॅकमध्ये असते, एखादा स्विच उलट्या बाजूला असतो, नाहीतर यंत्र अजून गरमच झालेलं नसतं. अशा चुका हाताळायच्या तर आत काय चाललंय याची थोडी कल्पना हवी.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये जो मूग सिंथ उभा केला, तो पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांचा होता. केबल जोडल्याशिवाय त्यातून आवाजच निघत नसे. पुढे १९७१ मध्ये आर्प २६०० आणि १९७८ मध्ये कॉर्ग एमएस-२० आले. या यंत्रांत ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग), फिल्टर (त्यातला काही भाग गाळणारा), व्हीसीए (आवाज कमी-जास्त करणारा) आणि एन्व्हलप (आवाज कसा चढेल-उतरेल ते ठरवणारा) आतून आधीच जोडलेले होते, आणि ही जोडणी बदलायची सोय केबलने करून दिली होती. आजचे मूग मदर-३२, बेहरिंगर न्यूट्रॉन, आर्टुरिया मिनीब्रूट २ हे त्याच वाटेने आलेत. खाली मी मुख्यतः मदर-३२ची उदाहरणं घेतो, कारण २०१५ पासून तो बऱ्याच जणांचा पहिला सेमी-मॉड्युलर ठरलाय आणि त्यावर शिकलेलं दुसरीकडे सहज लागू पडतं.

केबल लावली की जोडणी फक्त वाढते, असं समजणं

नव्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण इथे होते. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत इअरफोन खोचला की स्पीकर बंद व्हायचा, आठवतंय? सेमी-मॉड्युलरच्या कितीतरी जॅकमध्ये नेमकी तीच स्प्रिंगची पट्टी असते. जॅक रिकामा असेपर्यंत आतला सिग्नल त्या पट्टीतून पुढे जातो. पिन आत गेली की पट्टी उचलली जाते, आतला सिग्नल तुटतो आणि त्याच्या जागी केबलमधला येतो.

मदर-३२वर हे हाताने करून बघा. मिक्सचा नॉब डावीकडे असेल तर ऑसिलेटर ऐकू येतो, पूर्ण उजवीकडे नेला तर नॉइज (नुसती सळसळ). आता एक्स्टर्नल ऑडिओच्या जॅकमध्ये केबलचं एक टोक खोचा आणि दुसरं टोक तसंच लोंबकळत ठेवा. नॉइज गेला! यंत्राच्या दृष्टीने तुम्ही आता 'बाहेरचा आवाज' जोडला आहे, आणि बाहेर तर काहीच नाही. अशी लोंबकळती केबल पॅचबेवर (जॅकच्या पट्टीवर) विसरली जाते आणि मग तासभर नॉइज जनरेटरवर संशय घेतला जातो.

पण सगळेच जॅक असे नसतात. फिल्टरच्या कटऑफचा (कुठून गाळायचं ते ठरवणारा) जॅक आतली जोडणी तोडत नाही. तिथे आलेलं व्होल्टेज नॉबच्या जागेत मिळवलं जातं. नॉब आधीच पूर्ण उजवीकडे असेल तर एलएफओ (संथ झुलणारा ऑसिलेटर) जोडूनही वरच्या बाजूला फरक कळत नाही, कारण फिल्टर मुळातच पूर्ण उघडा असतो. नॉब मधोमध आणा, लगेच हालचाल ऐकू येईल. म्हणून कुठल्याही जॅकबद्दल आधी एकच प्रश्न विचारायचा: हा आतली जोडणी बदलतो, की तिच्यात भर घालतो? मॅन्युअलमध्ये प्रत्येक जॅकपुढे हे लिहिलेलं असतं. तेवढी पानं छापून सिंथच्या शेजारी ठेवा, फार उपयोगी पडतात.

मदर-३२चा व्हीसी मिक्स हा भाग याच कारणाने पुष्कळांना कोड्यात टाकतो. त्याच्या मिक्स-१ आणि मिक्स-२ या दोन्ही जॅकमध्ये काहीच नसताना आतून एकावर शून्य आणि दुसऱ्यावर ५ व्होल्ट दिलेले असतात. त्यामुळे काहीही न जोडता तो नॉब शून्य ते पाच व्होल्टचा स्रोत बनतो. तिथून एक केबल एलएफओ रेटच्या जॅकमध्ये नेली, तर एलएफओचा वेग हाताळायला जास्तीचा नॉब मिळतो.

आउटपुट आउटपुटला जोडणं ही आणखी एक चूक. बहुतेक यंत्रांत संरक्षक रोध असल्याने लगेच काही जळत नाही, पण दोन सिग्नल एकमेकांना ओढतात आणि हाती काहीच नीट लागत नाही. मल्टने (एक सिग्नल अनेक जॅकना देणारा फाटा) एक सिग्नल दोन ठिकाणी वाटता येतो. दोन सिग्नल एकत्र करायला मात्र मिक्सरच लागतो.

आवाजच येत नाही: सगळे नॉब एकदम फिरवू नका

घाबरून दहा नॉब फिरवले की मूळ कारण आणखी खोल गाडलं जातं. आधी सगळ्या केबल काढा. मग व्हीसीएचा स्विच 'ईजी'वरून (म्हणजे एन्व्हलपवरून) 'ऑन'वर न्या.

या एका कृतीने अर्धं निदान होतं. 'ऑन'वर व्हीसीए कायम उघडा राहतो. आता सलग सूर ऐकू आला, तर ऑसिलेटर, फिल्टर, आउटपुट, स्पीकर सगळं ठीक आहे आणि दोष गेट (कळ दाबल्या-सोडल्याचा सिग्नल) किंवा एन्व्हलपच्या बाजूला आहे. ॲटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) फार लांब असेल तर कळ पटकन सोडल्यावर एन्व्हलप वर चढायच्या आतच संपतो. सस्टेन (कळ दाबलेली असेपर्यंत आवाज टिकवणारा स्विच) बंद आणि डिके (आवाज उतरायला लागणारा वेळ) शून्यावर असेल तर नुसती 'टक्' ऐकू येते. दोन्ही गोष्टी सुरुवातीला हमखास घडतात.

'ऑन' करूनही शांतताच असेल, तर फिल्टरकडे वळा. मदर-३२च्या फिल्टरला लो-पास (खालचा भाग पुढे सोडणारी) आणि हाय-पास (वरचा भाग सोडणारी) अशा दोन पद्धती आहेत आणि त्यांचा नॉब उलटा वागतो. लो-पासवर कटऑफ पूर्ण डावीकडे नेला की आवाज बुडतो, तर हाय-पासवर पूर्ण उजवीकडे नेला की. स्विच चुकून हलला तर 'कालपर्यंत वाजत होता' असा प्रकार होतो. लो-पास, कटऑफ पूर्ण उजवीकडे, रेझोनन्स (कटऑफजवळचा भाग उठवणारा नॉब) शून्य, मिक्स पूर्ण डावीकडे, एवढं करून बघा. पल्स तरंग निवडला असेल तर तो बदलून सॉटूथ घ्या, कारण पल्सची रुंदी टोकाला गेली की काही सिंथमध्ये आवाज विरून जातो. यानंतरही काही नाही, तर ऑसिलेटरच्या आउटपुट जॅकमधून केबल थेट मिक्सरला न्या, मिक्सरचा आवाज अगदी कमी ठेवून. तिथे सूर आला तर दोष त्याच्या पुढच्या भागात आहे.

हे करताना हेडफोन कानावरून काढून ठेवा. रेझोनन्स वर असताना फिल्टर स्वतःच शिट्टी मारू लागतो, आणि ती शिट्टी अचानक मोठ्याने आली तर कानाला खरंच इजा होते. ही काळजी मी कोणालाही पहिल्याच दिवशी घ्यायला सांगतो.

चालू केल्याबरोबर सूर लावणं

ॲनालॉग ऑसिलेटरमध्ये व्होल्टेजचं वारंवारतेत रूपांतर ट्रान्झिस्टर करतात, आणि ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे असतात. त्या जागी एका सप्तकाला जेमतेम १८ मिलिव्होल्ट लागतात, आणि तापमान एका अंशाने बदललं की हे प्रमाण सुमारे ०.३ टक्क्याने सरकतं. बनवणारे त्यावर उतारा म्हणून तापमानाप्रमाणे बदलणारा रोध बसवतात, तरी आतला भाग एकसारखा गरम व्हायला वेळ लागतोच. चालू करून किमान १५ ते ३० मिनिटं थांबा, मग सूर लावा. एसीचा झोत थेट यंत्रावर नको, खिडकीतलं ऊनही नको.

सूर लावताना एलएफओ आणि एन्व्हलपचा ऑसिलेटरवरचा परिणाम शून्यावर आणा, ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) बंद करा, रेझोनन्स खाली घ्या. मग खालच्या सप्तकात एकदा आणि दोन सप्तकं वर एकदा तपासा. खाली जुळतो आणि वर चुकतो असं झालं, की लोक लगेच आतला किंवा मागचा ट्रिमर (कॅलिब्रेशनचा बारीक स्क्रू) फिरवायला धावतात. कृपा करून तो पहिला उपाय करू नका. आधी मधल्या केबल बघा.

एक उदाहरण आकड्यांत सांगतो. कीबोर्डच्या पिच आउटपुटला १ किलोओहमचा रोध असेल आणि समोरच्या इनपुटचा १०० किलोओहमचा, तर वाटेत सुमारे एक टक्का व्होल्टेज गळतं. एक सप्तक म्हणजे १२०० सेंट (सेंट हे सुरांमधल्या अंतराचं माप), त्याचा एक टक्का १२ सेंट. म्हणजे दर सप्तकाला १२ सेंटने सूर उतरत जाणार. साध्या मल्टने तोच सिग्नल आणखी एका ऑसिलेटरला दिला की गळती जवळपास दुप्पट होते. यावर बफर असलेला (सिग्नल गळू न देता वाटणारा) मल्ट घेणं हा उपाय आहे. ट्रिमर फिरवून इथे काही साधत नाही.

कॉर्ग एमएस-२० मिनीची गोष्ट वेगळी आहे. तो मदर-३२सारखी १ व्होल्टला एक सप्तक ही पद्धत पाळत नाही. त्याच्या हर्ट्झ-प्रति-व्होल्ट पद्धतीत व्होल्टेज दुप्पट झालं की सप्तक चढतं. मदर-३२चं पिच त्याला दिलं तर १ वरून २ व्होल्टला गेल्यावर बरोबर वरचा षड्ज मिळतो आणि माणसाला वाटतं, जमलं. मग २ वरून ३ व्होल्टला पुढचा षड्ज यायला हवा, तिथे पंचम येतो, कारण तीनास दोन हे प्रमाण षड्ज-पंचमाचं आहे. त्याचं गेटही उलट्या पद्धतीचं आहे, त्यामुळे सूर चुकीच्या वेळी सुरू होतो किंवा थांबतच नाही. कॉर्गचा एसक्यू-१ सिक्वेन्सर (सुरांची ओळ आपोआप वाजवणारं यंत्र) ही पद्धत देतो, नाहीतर एमएस-२० मिनीला मिडीने (वाद्यं जोडायच्या डिजिटल पद्धतीने) चालवावं.

तानपुऱ्याबरोबर वाजवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. षड्ज काळी चारला लावला, म्हणजे पेटीच्या हिशेबाने जी शार्प, तरी सिंथचा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा लागतो. सिंथ बिघडलेला नाही. त्याचा कीबोर्ड आणि सिक्वेन्सर सप्तकाचे बारा समान भाग करतात, त्यात गंधार ४०० सेंटवर येतो, आणि तानपुऱ्याचा स्वयंभू गंधार ३८६ च्या आसपास असतो. १४ सेंटचा हा फरक तयार कानाला टोचतोच. पंचमात फरक फक्त २ सेंटचा, म्हणून षड्ज-पंचमाचा भरणा सिंथवर बिनधास्त द्यावा. गंधार हवाच असेल तर न्यूट्रॉनसारख्या दोन ऑसिलेटरच्या सिंथवर एक ऑसिलेटर कानाने, हेलकावे थांबेपर्यंत हळूहळू उतरवून लावा. तो एकदा जुळला की जी गोडी येते, ती ऐकलीच पाहिजे.

अडॅप्टर आणि अर्थिंग

'१२ व्होल्ट आहे ना, चालेल' म्हणून लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून आणलेला कुठलाही अडॅप्टर लावू नका. व्होल्टेज, करंट आणि पिनची धन-ऋण बाजू, तिन्ही जुळायला हवं. मदर-३२ला १२ व्होल्ट डीसी, १.२ अँपिअर आणि मधली पिन धन लागते. गिटार पेडलच्या नेहमीच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते. तो इथे चालणार नाही. सिंथ काढून युरोरॅकच्या (सिंथचे सुटे भाग बसवायची ठरावीक मापाची चौकट) पेटीत बसवणार असाल, तर रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला आहे ना, हे दोनदा बघा. उलट्या रिबनने जळलेला बोर्ड हा या छंदातला सगळ्यात महाग धडा आहे. आणि अडॅप्टर व रिबन एकाच वेळी जोडू नका.

सतत घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर तो ग्राउंड लूप आहे. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, तरी राहिला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडणारी डबी) टाका. प्लगची तिसरी, अर्थची पिन काढून किंवा झाकून घूं घालवायची युक्ती कोणी सांगितली, तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. जुन्या घरात अर्थिंग आहे का, हेच आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बाकी छोट्या गोष्टी

पॅचबेवरचा सिग्नल साधारण १० व्होल्टपर्यंत झुलतो, लाइन लेव्हल (नेहमीच्या ऑडिओ यंत्रांची पातळी) त्याच्या बरीच खाली असते. म्हणून तो माइकच्या इनपुटला देऊ नका, ऑडिओ इंटरफेसवर (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) लाइन निवडा, गेन तळाशी ठेवा आणि ४८ व्होल्टचा फँटम (माइकसाठीचा वीजपुरवठा) बंद ठेवा. पॅचिंगला मोनो केबल वापरा. फोनची स्टीरिओ ऑक्स केबल कधी चालते, कधी दगा देते.

सिक्वेन्सर निम्म्या किंवा दुप्पट वेगाने पळत असेल तर क्लॉक (लयीचे ठोके देणारा सिग्नल) तपासा. कॉर्ग व्होल्का (छोट्या सिंथची मालिका) एका मात्रेला दोन पल्स देते, सोळाव्या भागाच्या पायऱ्यांना चार लागतात आणि मिडी क्लॉकचे २४ असतात. मदर-३२ला यूएसबी नाही, पाच पिनांचं मिडी आहे. लॅपटॉपशी जोडायला मिडी इंटरफेस लागतो आणि दोन्हीकडे चॅनेल एकच हवा.

बहुतेक अशा सिंथमध्ये पॅच (केबल आणि नॉबची मांडणी) साठवता येत नाही. मोडण्याआधी वरून, भरपूर उजेडात फोटो काढा, नॉबच्या रेघा दिसतील असा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जॅक आणि नॉब खरखरतात. सिंथ झाकून, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून बंद पेटीत ठेवा. खरखर सुरू झाली तर आधी केबल दहा-बारा वेळा आतबाहेर करा आणि नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा, बरेचदा तेवढ्यानेच जाते. राहिली तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच कॉन्टॅक्ट क्लीनर, यंत्र बंद करून, अगदी थोडा. गंज काढायचे तेलकट स्प्रे इथे नकोत.

हे सगळं करून दोष उरलाच, तर दुरुस्तीवाल्याकडे नेताना सोबत मूळ अडॅप्टर द्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: सगळ्या केबल काढल्यावरही दोष राहतो का, व्हीसीए 'ऑन'वर काय ऐकू येतं, आणि यंत्र थंड असताना व अर्ध्या तासाने काही फरक पडतो का. ट्रिमरला हात लावला असेल तर तेही सांगा, म्हणजे तो कॅलिब्रेशनपासून सुरुवात करेल.