जुन्या कोंकणी गाण्याची ग्रिड सरकते तेव्हा

लग्नाच्या रिसेप्शनला डीजे म्हणून जुनं कोंकणी गाणं दुसऱ्या गाण्यात मिसळलं की सुरुवातीला सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणं) बरोबर बसतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत दोन्ही गाण्यांच्या किक (बेस ड्रमचे ठोके) वेगळ्या पडू लागतात. बँड मेट्रोनोमशिवाय वाजवत असे, त्यामुळे लय थोडी पुढेमागे होते. डीजे सॉफ्टवेअर मात्र पूर्ण गाण्याला एकच बीपीएम (मिनिटाला किती बीट) धरतं, त्यामुळे त्याची ग्रिड, म्हणजे बीटवर आखलेल्या खुणा, गाण्यापासून सरकते.

१. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं विश्लेषण 'नॉर्मल'ऐवजी 'डायनॅमिक' मोडवर पुन्हा करा. Mixxx हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर बीट डिटेक्शनमधली 'टेम्पो स्थिर धरा' ही खूण काढा.
२. मेट्रोनोम चालू ठेवून पहिली १६ मात्रा, मधला भाग आणि शेवट ऐका. मेट्रोनोमची टकटक आणि गाण्यातला स्नेअर ड्रम जिथे वेगळे पडतात, तिथूनच पुढची ग्रिड हाताने सरकवा.
३. ग्रिड जमली की ट्रॅकला अ‍ॅनालिसिस लॉक (पुन्हा विश्लेषण रोखणारं कुलूप) लावा, नाहीतर पुढच्या विश्लेषणात सगळी मेहनत पुसली जाते.
४. या गाण्यातून बाहेर पडण्यासाठी शेवटच्या वाद्यखंडावर लूप धरा, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवा. लूपमध्ये लय एकसारखी होते, मग पुढचं गाणं सहज जुळतं. सगळ्यात भरवशाचा उपाय हाच.

मिसळताना स्थिर लयीचं गाणं मास्टर (ज्याच्या वेगाला दुसरं गाणं जुळतं ते) ठेवा. उलट केलंत तर नव्या गाण्याचा वेगही डगमगतो, आणि नाचणाऱ्यांना ते लगेच जाणवतं.

एक सांभाळा: दुलपद (गोव्याचं वेगवान कोंकणी नाचगाणं) ६/८ मध्ये, म्हणजे सहा-सहा मात्रांच्या ठेक्यात असतं. तिथे चार बीटचा तयार लूप घेतला तर ठेका मध्येच तुटू शकतो. लूपची सुरुवात (इन) आणि शेवट (आउट) यांची बटणं कानाने ऐकून दाबा.