इन्स्टंट गीझर घेताना लिटरपेक्षा किलोवॅट पाहा

विजेवरचा इन्स्टंट गीझर ‘३ लिटर’चा म्हणून विकला जातो आणि गॅस गीझर ‘६ लिटर’चा म्हणून, मात्र पहिला आकडा आतल्या छोट्या टाकीत मावणाऱ्या पाण्याचा, तर दुसरा दर मिनिटाला तापून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. त्यामुळे या दोन आकड्यांची तुलना करून गीझर निवडणे चुकीचे ठरते. टाकीतले ३ लिटर पाणी संपले की पुढे गरम पाणी किती मिळणार, हे मुख्यतः किलोवॅटवर, म्हणजे गीझरच्या तापवण्याच्या शक्तीवर ठरते.

हिशेब सोपा आहे. थंडीत, सकाळी लवकर, नळाच्या पाण्याचे तापमान मोजावे. ते १८ अंश आणि आंघोळीचे पाणी ४० अंश धरले, तर वाढ २२ अंशांची होते. किलोवॅटला १४ने गुणून या वाढीने भागले की दर मिनिटाला मिळणारे लिटर साधारणपणे कळतात. ३ किलोवॅटचा गीझर त्यानुसार मिनिटाला जेमतेम १.९ लिटर पाणी देईल, म्हणजे २० लिटरची बादली भरायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. भांडी घासण्यासाठी किंवा तोंड धुण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु सकाळी एकापाठोपाठ एक चौघांच्या आंघोळी उरकायच्या असतील तर तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शॉवरचा प्रवाहही अंदाजाने धरू नये. बादली लावून एका मिनिटात किती पाणी पडते, ते घड्याळ लावून पाहावे. ८ लिटर भरल्यास वरच्याच वाढीसाठी सुमारे १२.६ किलोवॅट लागतात. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३ किलोवॅटचा गीझरच १३ अँपिअर घेतो, ४.५ किलोवॅटचा तर २० अँपिअरच्या आसपास जातो आणि त्याला स्वतंत्र जाड वायर व एमसीबी (वीजप्रवाह मर्यादेपलीकडे गेल्यास तो आपोआप तोडणारा स्विच) लागतो. म्हणून पाण्याच्या एवढ्या प्रवाहासाठी गॅस गीझरचाच विचार करावा लागतो.

गॅस गीझर घेण्याआधी पाण्याचा दाब तपासावा, कारण गच्चीवरची टाकी थेट डोक्यावर असेल तर वरच्या मजल्यावर दाब कमी पडून तो पेटतच नाही. तो बाथरूममध्ये कधीही बसवू नये; बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो आणि या वायूला वास नसल्याने धोका लक्षातही येत नाही. ड्राय बाल्कनीसारखी मोकळी, हवेशीर जागा नसेल, तर १५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा गीझर घ्यावा.