ख्याल ऐकायला सुरुवात कशी करावी

शास्त्रीय संगीत आवडते पण कळत नाही, असे म्हणणारे बहुतेक लोक दोनपैकी एका वाटेने गेलेले असतात. काहींनी एखाद्या थोर गवयाची तासाभराची मैफल लावून दहाव्या मिनिटाला बंद केलेली असते. काहींनी थाट, वादी, संवादी, आरोह, अवरोह यांचे तक्ते आधी पाठ करायला घेतलेले असतात आणि गाणे ऐकायचे राहून गेलेले असते. वास्तविक ख्याल, म्हणजे एका बंदिशीच्या आधाराने राग फुलवत नेण्याचा गायनप्रकार, ऐकू लागण्यासाठी प्रारंभी दोनच गोष्टी पुरतात: एका रागाशी नीट ओळख आणि सम (तालाच्या फेऱ्याची सुरुवात) कुठे येते याचा अंदाज. धृपद, ठुमरी आणि वाद्यसंगीत यांचा विचार येथे केलेला नाही, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात मैफलीचा मोठा भाग ख्यालानेच व्यापलेला असतो आणि तो ऐकता आला की बाकीचे प्रकार फारसे अवघड जात नाहीत.

आधी एकच राग

सुरुवातीला भूप घ्यावा. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर, तेही सगळे शुद्ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य. घरात हार्मोनियम असेल तर काळी तीन या पट्टीला (तीन काळ्यांच्या गटातील पहिलीला) षड्ज, म्हणजे सा, मानून फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर जावे. जे ऐकू येते ते भूपाचे स्वर. (त्याच काळ्या पट्ट्या काळी एकपासून वाजवल्या तर दुर्गा रागाचे स्वर मिळतात, आणि काळी पाचपासून मालकंसाचे. षड्ज बदलला की त्याच पट्ट्यांचा सगळा रंग कसा बदलतो, हे पाच मिनिटांत समजते.) हार्मोनियम नसली तरी काही बिघडत नाही, कारण स्वरांची नावे ओळखता येणे ही ऐकण्याची अट नाही.

पहिले काही दिवस द्रुत (जलद लयीतल्या) बंदिशीच, म्हणजे रागात बांधलेली गीतेच, ऐकावीत, विलंबिताकडे (संथ लयीकडे) वळू नये. द्रुत बंदिश काही मिनिटांत आटोपते, तिची चाल लक्षात राहते आणि ठेका (तबल्यावर वाजणारे तालाचे ठरलेले बोल) स्पष्ट असतो. किशोरी आमोणकर यांच्या भूपाच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात ‘प्रथम सूर साधे’ या विलंबित ख्यालानंतर ‘सहेला रे’ ही तीनतालातील द्रुत बंदिश येते. तेथून आरंभ केला तर उत्तम. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही नवख्या श्रोत्याला फार उपयोगी पडतात. तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावत असल्यामुळे अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्यासारख्या गायकांना रागाचे रूप तेवढ्यात उभे करावे लागे. खरखर पुष्कळ असते. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय दोन-तीन दिवसांत होते.

मग सम

माझ्या मते ख्याल ऐकण्याचा निम्मा आनंद समेत आहे, आणि नेमके हेच नवख्या श्रोत्याला कोणी सांगत नाही. ताल ठरावीक मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, आवर्तनाने फिरतो. त्याची पहिली मात्रा म्हणजे सम, आणि गायक कितीही दूर भटकला तरी त्याला मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन तेथे परत यायचे असते. ते येणे वेळेवर ओळखू लागलात की गाणे केवळ कानावर पडत राहत नाही, तुम्ही त्याची वाट पाहू लागता.

तीनताल सोळा मात्रांचा आहे आणि तो हातावर मोजावा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यावी, नवव्या मात्रेला हात बाजूला उलटा करून ‘खाली’ (टाळीविना मोजायची मात्रा) दाखवावी. ठेका असा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. हे बोल तोंडाने म्हणत मोजले तर लवकर बसतात. मोजताना गोंधळ झाला तर डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतल्या खर्ज आवाजाच्या वाद्याकडे) कान द्यावा. खालीनंतर दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला तो परत येतो. घुमारा परतला म्हणजे सम तीन मात्रांवर आली, हे ध्यानात ठेवले की मोजणी चुकली तरी पुढच्या आवर्तनात धागा सापडतो. दुसरी खूण बंदिशीतच असते: मुखड्यातील एका ठरावीक अक्षरावर जोर येतो आणि ते अक्षर दर वेळी समेवरच पडते. एकच द्रुत बंदिश पुन्हा पुन्हा ऐकून ते अक्षर हेरावे. झपताल आणि रूपक हे ताल नंतर पाहता येतील.

विलंबित ख्यालाकडे

आता मोठा ख्याल. तो बहुधा बारा मात्रांच्या एकतालात असतो आणि अतिविलंबित लयीत एक आवर्तन पाऊण मिनिट किंवा त्याहूनही जास्त चालते. येथे बोटांवर मात्रा मोजत बसू नये. गाणे हातचे जाते. त्याऐवजी ठेक्यातील ‘तिरकिट’ ऐकावे. ते आवर्तनात दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला, आणि दुसऱ्या तिरकिटानंतर ‘धी ना’ एवढ्या दोनच मात्रा उरतात. मुखडाही पुष्कळदा त्याच सुमारास उचलला जातो.

ख्यालाची मांडणी साधारण ठरलेली असते, म्हणून पुढे काय येणार याची कल्पना असली की कंटाळा येत नाही. थोडी आलापी करून गायक मुखडा घेतो, स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) मांडतो आणि मग एकेक स्वर घेऊन रागाची बढत, म्हणजे क्रमाने विस्तार, सुरू करतो. भूपात तो गंधारावर रेंगाळेल, पंचमाला स्पर्श करून परतेल, धैवत दाखवील आणि तार षड्ज (वरचा सा) मात्र बराच वेळ टाळील. ही टाळाटाळ मुद्दाम केलेली असते. तार षड्ज पूर्ण लागला की अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) येतो, त्यानंतर बोलआलाप, लयकारी, सरगम, ताना असे काही ना काही, आणि शेवटी द्रुत. यांतले प्रत्येक अंग प्रत्येक गायक वापरतोच असे नाही. पहिल्यांदा ऐकताना फक्त तार षड्जापर्यंतचा प्रवास लक्षपूर्वक ऐकला तरी पुष्कळ झाले.

गाणे सुरू होण्यापूर्वी तानपुरा चालू असतो, तेवढा भाग पुढे ढकलू नये. त्याच षड्जाशी पुढचा प्रत्येक स्वर ताडून पाहिला जाणार असतो.

तोच राग, दुसरा गळा

भूप ओळखीचा झाला म्हणून लगेच दुसरा राग घेऊ नये. तोच भूप आणखी तीन-चार गायकांकडून ऐकावा. घराण्यांचा भेद पुस्तकातून समजत नाही, तो असा समजतो. किराण्याचा गायक एकेका स्वरावर ठाण मांडतो, ग्वाल्हेरचा बंदिश आधी पूर्ण मांडून दाखवतो, आग्ऱ्याचा शब्दांना लयीत खेळवतो आणि जयपूर-अत्रौलीची तान अशी वळणे घेते की शेवट कुठे होईल हे सांगता येत नाही. ही वर्णने ढोबळ आहेत आणि प्रत्येक मोठ्या गायकाने ती कुठे ना कुठे मोडलेली आहेत. कुमार गंधर्व तर कोणत्याच एका घराण्याच्या चौकटीत बसत नाहीत.

त्यानंतर देसकार ऐकावा. स्वर भूपाचेच, तेच पाच, परंतु भूपात गंधाराला मान तर देसकारात धैवताला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा, आणि त्याची सगळी हालचाल सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात. दोन्ही एकाच दिवशी पाठोपाठ ऐकले की राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे कोणी समजावून न सांगताही पटते. पुढे यमन, दुर्गा, मालकंस, भैरव असे साधे राग घ्यावेत. जोडराग (दोन राग मिळून झालेले) आणि अनवट (क्वचित गायले जाणारे) राग आधी ऐकल्यास मूळ राग माहीत नसल्यामुळे त्यांतली गंमत हाती लागत नाही.

रागांच्या वेळा शक्य तेथे पाळाव्यात, मात्र घड्याळापायी ऐकणेच थांबू नये. रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकांवरील निर्बंधांमुळे खुल्या मंडपात दरबारी किंवा मालकंस ऐकण्याचे योग आता तसेही कमी येतात. ते राग रात्री घरीच, ध्वनिमुद्रणावर ऐकावेत.

मैफलीला जाताना

पुण्यात १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव किंवा गोव्यातील केसरबाई केरकर समारोह अवश्य पाहावा, पण पहिली मैफल म्हणून गावातल्या एखाद्या संगीत मंडळाची किंवा देवळातली लहान बैठक अधिक चांगली. तेथे गायक आणि तबलजी यांची नजरानजर दिसते, आणि समेला जाणत्या श्रोत्यांचे हात कसे पडतात हेही दिसते. आपली मोजणी बरोबर आहे की नाही, ते त्या हातांवरून तपासता येते. शक्यतो तबलजीचे हात दिसतील अशी जागा धरावी. दाद मनापासून आली तर द्यावी, शेजाऱ्याने मान डोलावली म्हणून डोलावू नये. ख्याल चालू असताना मध्येच उठू नये. निघायचेच असेल तर एक राग संपून पुढच्यासाठी तानपुरे जुळवले जातात, तेवढ्या वेळात निघावे.